मर्व्हचे बिस्किटी डबे

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या व्हायाला गावात मर्व्ह ट्रेझीझचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, पण रंगाच्या बाबतीत या माणसाला जन्मात कधी मुहूर्त साधला नाही. लोकांनी काळ्या कॉम्प्युटरचा हट्ट धरला, नेमक्या त्याच महिन्यात यानं कॉम्प्युटरचे बिस्किटी रंगाचे चाळीस रिकामे डबे आणून ठेवले. एकही खपला नाही. शेवटी त्याच्या बायकोनं, ग्वेंडानं, त्यांत पेंढा भरून कोंबड्या बसवल्या. पुढे काळा रंगही गेला, काचेचे लुकलुकते डबे आले; कोंबड्या आपल्या अंडी घालत राहिल्या.

यंदा उन्हाळ्यात ॲडलेडहून जुन्या कॉम्प्युटरच्या एका शौकिनाचा फोन आला. त्याला जुने बिस्किटी डबेच हवे होते! मर्व्ह धावत माझ्या सलूनमध्ये आला.

"केस सोनेरी करायचं जेवढं क्रीम असेल तेवढं दे."

"टकलाला लावतोस की काय?"

वयानं पिवळे पडलेले डबे त्यानं धुऊन, ते रंग उडवणारं क्रीम फासून उन्हात ठेवले. दोन दिवसांत दुधासारखे झाले. एकच राहिला, कारण त्यात मेव्हिस कोंबडी अंडी उबवत होती आणि हात लावला की टोचत होती.

शौकीन आला आणि ती पांढरी रांग बघून त्यानं तोंड वाकडं केलं. "हे तर नवे वाटतात. मला तो जुना पिवळेपणाच हवा होता."

मर्व्हनं कपाळाला हात लावला. ग्वेंडा म्हणाली, "तसला एक आहे, पण मालकीणबाई आत बसल्यात."

पिल्लं निघाल्यावर तो गृहस्थ पुन्हा आला आणि डबा घाणीसकट घेऊन गेला. मर्व्हनं मेव्हिसपुढे पांढराशुभ्र डबा ठेवला. तिनं आत डोकावून पाहिलं आणि येऊन त्याच्या बुटावर बसली.