सत्तेचाळीस पानं, एक फाइल

वर्ध्याजवळच्या एका कॉलेजची वेबसाइट मी बांधायला घेतली तेव्हा निकाल आठवड्यावर आला होता. घाईत मी सगळी पानं एकाच फाइलमध्ये कोंबली. वेबसाइटच्या पत्त्यात एक नंबर आला तर मुखपृष्ठ दाखव, दोन आला तर प्रवेश, तीन आला तर निकाल. नुसती जर-तरची माळ. खरी पद्धत मला ठाऊक होती. प्रत्येक पानाला नाव, त्याची वेगळी फाइल आणि कुठलं नाव कुठल्या फाइलकडे जातं याची एक यादी. म्हटलं, निकाल लागू दे, मग नीट करू.

ते ‘मग’ तीन वर्षं उजाडलं नाही. वेळ नाही, असं मी स्वतःलासुद्धा सांगत असे. खरं कारण फोन होता. आर्वी सोडून मी सावंगीत एका खोलीत राहत होते, कामही त्याच खोलीत बसून. सकाळी दूधवाल्याशी बोलले की दुसऱ्या सकाळपर्यंत तोंड उघडायचं कारण नसायचं. कॉलेजचे मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, मात्र फोन करायचे. “मॅडम, वेळापत्रक कोन्त्या नंबरवर टाकलं जी?” मी म्हणायची, एकोणीस. मग ते आंजीच्या शेतातल्या तुरीचं सांगायचे, नातवाचं सांगायचे. नवं पान चढवायला मलाच बोलावणं यायचं आणि त्या दिवशी मी इस्त्रीचा ड्रेस घालायची. हसू नका.

पानं सत्तेचाळीस झाली. माझ्याशिवाय कुणाला काही सापडेना. मला ते आवडत होतं.

एका दुपारी कॉलेजात बाबूंनी माझ्यापुढं लांबट वही ठेवली. आवक-जावकच्या नोंदवहीसारख्या रेघा मारून त्यांनी प्रत्येक पानाचा नंबर आणि विषय सुवाच्य अक्षरात उतरवला होता. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत ते एकेक नंबर टाकून बघत होते.

“अहो, मला विचारायचं ना!”

“तुमाले घडीघडी तरास देनं बरं नाई वाटत मले. तुमाले तुमची कामं असतात.”

माझी कामं! ज्या फोनवर मी दिवस काढत होते, तो हा माणूस दर वेळी संकोचत लावत होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी वही घेऊन तडक निघाले.

पंधरा दिवसांत सगळं उसवून नीट केलं. पानांना नावं दिली, यादी केली, तिच्यात नवी ओळ कशी घालायची ते बाबूंना शिकवलं. काम चोख झालं, इतकं की मीच माझ्यावर खूश होते.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. “मॅडम, सुट्ट्यांचं पान मीच टाकलं! आता तुमाले फोन कराचं कामच नाई.”

आवाजात केवढा आनंद होता. छान झालं, असं मी म्हटलं. घरी सगळे कसे आहेत, हे विचारायच्या आत, माझा वेळ जाऊ नये म्हणून, त्यांनी फोन ठेवला.