वरच्या दोन हातांचे किरकोळ गुण

मंडळी, आज ऑफिस सुटल्यावर घरी न जाता सासऱ्यांना घेऊन पत्त्यांतला ब्रिज खेळायला गेले. त्यांचा नेहमीचा जोडीदार आजारी आहे, आणि खेळ चुकला की बाबांना जेवण जात नाही.

डोकं दुखत होतं, तरी एक डाव छान जमला. आठ हात करू अशी बोली लावली होती, केले दहा. मी खूश. बाबा कपाळाला हात लावून बसले.

"अगं, दहाची बोली लावली असतीस तर मोठा बोनस होता. आता वरच्या दोन हातांचे किरकोळ गुण मिळतील."

"पण केले ना दहा?"

"केलेस गं. पण आधी सांगितलं नव्हतंस."

परत येताना वारज्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर वाघोलीला राहणाऱ्या माझ्या जावेचा मेसेज आला. बाबांनी मोबाइल नाकाशी धरून वाचला: "शनिवारी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेणार!" खाली अंगठ्यांची रांग.

"किती करते गं ती माझ्यासाठी," बाबा गहिवरून म्हणाले.

मी गिअर टाकला. त्यांच्या पथ्याची भाकरी अजून थापायची होती. तेही मी आधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तुमच्या घरी गुण कसे मोजतात हो?