बैल ठेचणारा नत्थुजी

माझा पणजोबा नत्थुजी याचा हात आधी उठायचा आणि तोंड मागून उघडायचं. मी त्याला चांगला म्हणणार नाही. आमच्या घराण्यात माणूस मेला की लगेच त्याचा देवमाणूस करून टाकतात, मला ती सवय नाही. त्यानं बायकोचे, म्हणजे मैनाबाईचे, दोन दात पाडले होते आणि ते कशापायी पाडले हे पुढे त्यालाही आठवत नव्हतं.

अकोल्याहून चार कोसांवर, बाळापूरच्या वाटेला आमचं गाव. जमीन होती, पण नत्थुजीचं नाव झालं ते बैल ठेचण्यात. गोऱ्हा वयात आला की त्याला दोरांनी आडवा पाडायचा, चारी पाय आवळायचे, आंडाच्या वरची नस दोन दांडक्यांत धरायची आणि लाकडी मोगरीनं ठेचायची. नस मेली की आंड सुकतं आणि गोऱ्हा कामाचा बैल होतो. जनावर असं हंबरायचं की बायाबापड्या कानांत बोटं घालत. नत्थुजी मात्र हळद-तेल लावायचा आणि पुढचा गोऱ्हा आणायला सांगायचा. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. आगगाडी अजून अकोल्यापर्यंत पोचली नव्हती. सगळा माल गाड्यांवर, गाड्यांना बैल हवेत आणि बैलांसाठी नत्थुजी हवा. एकेका दिवसाला तो दहा-दहा गोऱ्हे ठेचायचा.

त्या मोसमात एका पहाटे त्याचा मुलगा चंद्रभान कळ येऊन जागा झाला. वय एकोणीस, लग्न होऊन सहा महिने. उजव्या आंडाला कुणी पीळ घालतंय अशी ती कळ. ना मार लागला होता, ना कुठं पडला होता. गोठ्यामागे जाऊन तो दोनदा ओकला आणि परत येऊन पडला. उजाडताच कापसाची गाडी निघायची होती.

"काय सोंग करून राहिला बे?" नत्थुजी दारातूनच ओरडला.

"पोट दुखून राह्यलं, बा."

पोट! ज्या बापानं चार गावांच्या देखत हजारो आंडं हाताळली, त्याच्यापुढं चंद्रभानला आपल्या दुखण्याचं नाव घ्यायची लाज वाटली. बैलाचं चावडीवर बोलायचं, माणसाचं घरातही बोलायचं नाही, ही आमची रीत. मला त्या रीतीचा आजही संताप येतो.

"गाडी जुंपाची वेळ आली अन् तुहं पोट दुखते?" नत्थुजीनं बैल हाकायची पराणी उचलली. पहिला फटका पाठीवर, दुसरा मांडीवर. चंद्रभान पाय फाकवत कसाबसा गाडीपर्यंत गेला, जू उचललं आणि तिथंच कोसळला. नत्थुजीनं त्याला लाथ घातली, वर आणखी पाच-सहा फटके ओढले. अंगातली बंडी फाटून रक्त आलं. मैनाबाई आडवी आली, तिलाही एक बसला. मग "बायल्या!" म्हणून तो थुंकला आणि मोगरी घेऊन कामाला निघून गेला.

मैनाबाईनं ओवा चारला आणि बेंबीवर गरम विटेचा शेक दिला. पोट दुखतं म्हटल्यावर ती बिचारी पोटाचाच इलाज करणार. दुपार व्हायला आली तेव्हा चंद्रभाननं अखेर बायकोला, शकुनला, खरं सांगितलं. तिनं धोतर सारून पाहिलं. एक बाजू लालभडक सुजलेली, आंड वर चढलेलं, बोट लावू देईना.

त्या काळी सून सासऱ्यापुढं बोलत नसे. सहा महिन्यांत नत्थुजीनं शकुनचा आवाज ऐकला नव्हता. ती भर उन्हात चावडीमागच्या पटांगणात गेली. दोरांत आवळलेला गोऱ्हा, भोवती वीस-पंचवीस बाप्ये.

"मामाजी, त्याइचं पोट नाही दुखून राह्यलं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "आंड दुखून राह्यलं. सुजून वर चढलं. गोऱ्ह्याचं पायता, अन् घरच्याचं पाहाची लाज वाटते का तुमाले?"

नत्थुजीनं तिच्या कानशिलात लगावली. ती पडली, उठली. "आणखी मारा. पण चाला, पाहा."

तेव्हा कुठं तो घरी आला. मुलाचे आवळलेले गुडघे त्यानं जोरानं उघडले आणि नस बोटांत धरली. चंद्रभान किंचाळला. नत्थुजीला कुणी सांगायची गरजच नव्हती. नसेला आपसूक पीळ पडला होता. रक्त तुटलेलं आंड किती वेळ जगतं, हे त्याच्याइतकं अख्ख्या तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

"कवापासून?"

"पहाटपासून, बा."

भरलेल्या गाडीतला कापूस त्यानं दोन्ही हातांनी उपसून धुळीत फेकला. चंद्रभानला आत टाकलं, शकुन वर चढली. चार कोस त्यानं बैल असे टोचत पळवले की त्यांच्या पुठ्ठ्यांवरून रक्त ओघळत होतं. अकोल्याच्या जुन्या शहरात एका माळणीची वांग्यांची टोपली चाकाखाली गेली. ती शिव्या देत मागं धावली, हा थांबला नाही. मोर्णा नदी ओलांडून सरकारी दवाखान्यात पोचायला तिसरा प्रहर झाला.

गोऱ्या डॉक्टरानं पाहून मान हलवली. त्याच्या हाताखालचे भगवंतराव सांगू लागले, "आंड मेलं आहे. काढावं लागेल, नाहीतर जीव जाईल. मार लागून दुखलं आणि घटकाभरात ओसरलं तर भिण्याचं कारण नाही. पण अशी कळ एकाएकी उठली, ओकारी आली, आंड वर चढलं, तर त्याच पावली निघायचं असतं. पहाटेच आणला असता तर कदाचित वाचलंही असतं."

चंद्रभानला कुशीवर वळवलं तेव्हा त्याची पाठ दिसली. वळ फुटून बंडी चिकटली होती.

"हे कुणी केलं?" भगवंतरावांनी विचारलं.

"गाडीवरून पडलो," चंद्रभान म्हणाला.

"पडला नाही," नत्थुजी म्हणाला. "म्या मारलं. दुखते म्हणला म्हणून मारलं."

गुंगीचं औषध हुंगवताना पाय धरायला त्यालाच बोलावलं. त्यानं मुलाचे घोटे धरले आणि लगेच सोडून दिले, पुन्हा धरले, पुन्हा सोडले. शेवटी शकुननं त्याला बाजूला सारून पाय धरले. हे सगळं मला तिनंच सांगितलं, ती माझी आजी.

चंद्रभान जगला. उरलेल्या एका आंडावर त्याला पाच लेकरं झाली, त्यातला तिसरा माझा बाप. नत्थुजी सुधारला असं मी लिहिणार नाही, त्याचा हात पुढंही उठायचा. चंद्रभानवर मात्र उठला नाही. आणि चंद्रभाननं बापाला पुन्हा कधी काही दुखतं म्हणून सांगितलं नाही. पुढं एकदा खळ्यात त्याला विंचू डसला. तो दात आवळून घामाघूम बसला होता, पण तोंडातून शब्द काढीना. आणि नत्थुजी त्याच्यापुढं उकिडवा बसून, "कुठी दुखते बे? सांग ना मले," म्हणत ढसाढसा रडत होता.