कोरीचा रविवार

साबणाच्या कारखान्यात वास घेण्याची एक खोली असते, हे साबण वापरणाऱ्यांना सहसा माहीत नसतं. त्या खोलीला खिडकी नाही. भिंती पांढऱ्या, टेबलं पांढरी, उजेडही पांढरा, दवाखान्यातल्यासारखा. चौघीजणी तिथे बसून दिवसभर हुंगतात. प्रत्येक घाण्यातली एक वडी त्यांच्यापुढे येते आणि त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय तो घाणा बाहेर पडत नाही.

त्या चौघींतल्या एकीला सगळे कोरी म्हणत. तसं पाहिलं तर चौघीही कोऱ्याच असायला हव्यात, कारण नियमच तसा आहे. कामावर येताना अंगाला कसलाही वास नको. सेंट नको, पावडर नको, वासाचं तेल नको. चेहऱ्याला क्रीम नको आणि ओठांना रंग नको, कारण रंगालाही वास असतो, इतरांना तो कळत नाही एवढंच. आंघोळीसाठी कारखानाच त्यांना वास घालण्याआधीच्या वड्या देतो, पिवळट आणि मुक्या. एका वडीनंतर दुसरी हुंगण्याआधी कोपराच्या आतल्या खळग्यात नाक खुपसायचं, अशी तिथली पद्धत आहे. आपल्याच कातडीचा वास नाकाला वासच वाटत नाही. तिथे ते पुसलं जातं आणि पुढच्या वडीला तयार होतं.

बाकीच्या तिघी कधी तरी चुकत. एखादीच्या केसांत लग्नघरचा वास राहायचा, एखादीच्या गळ्यावर पावडर. हिच्या अंगाला मात्र इतक्या वर्षांत कधी काही सापडलं नव्हतं, म्हणून ते नाव.

आणखी एक नियम होता, तो तोंडाचा. छान आणि वाईट हे शब्द त्या खोलीत चालत नसत. नवी आलेली मुलगी वडी हुंगून ‘छान आहे’ म्हणाली, की चौघींतली थोरली, जिला सगळ्या मावशी म्हणत, ती म्हणायची, “छान ते नवऱ्याला सांग. इथे आहे काय ते सांग.” मग मुलगी परत नाक लावून सांगायची, ओल्या पुठ्ठ्यासारखं काही तरी आहे. मावशी म्हणायची, “हां, आता कशी माणसात आलीस.”

ही झाली सहा दिवसांची कोरी. रविवारची कोरी कारखान्यातल्या कुणी पाहिली नव्हती.

तिच्या खोलीत बेसिनवर एक फळी आहे. तिच्यावर बाटल्या, डब्या, ब्रश उंचीप्रमाणे उभे. रविवारी सकाळी ती दार लावून घेते आणि आरशासमोर बसते. पापणीच्या कडेला रेघ ओढताना श्वास रोखावा लागतो. ती रेघ दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत जगातलं काहीच हलत नाही असं तिला वाटतं. मग ओठ. मग गळ्याशी आणि कोपराच्या खळग्यात सेंटचा एकेक थेंब. इतर दिवशी जिथे काही असता कामा नये, नेमकं तिथेच. मग ती बाहेर पडते. बाजारात जाते, नदीकाठी बसते, कधी समोरच्या गल्लीत राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे जाते. कुणाला भेटायचं असतं म्हणून ती नटत नाही. आठवडाभर जो चेहरा कारखान्याच्या हुकमतीत असतो, तो त्या दिवशी तिच्या हाती येतो आणि ती त्याचं तिला हवं ते करते.

त्यात एक लिफ्टवाला आला.

कारखान्यातली सामानाची लिफ्ट वरचेवर अडायची आणि तो ती दुरुस्त करायला यायचा. चाळिशी ओलांडलेला, घटस्फोट झालेला, बोलण्याआधी समोरच्याच्या चपलांकडे बघणारा. एकदा कँटीनमध्ये बसायला जागा नव्हती म्हणून तो तिच्या टेबलावर बसला, आणि पुढे जागा असतानाही बसू लागला. मग काम सुटल्यावर दोघं पुलाजवळच्या चहाच्या दुकानात जाऊ लागले. त्याच्या अंगाला ग्रीसचा, थंड लोखंडाचा आणि वर घाईघाईने लावलेल्या साबणाचा वास यायचा. त्या पांढऱ्या खोलीत तिने तो वास कधी हुंगला नव्हता, म्हणून त्याचे भाग पाडायची गरज तिला पडली नाही. तिने तो नुसता घेतला.

एकदा चहा पिताना तो म्हणाला, “माझी पहिली बायको मी उठायच्या आधी आरशासमोर जायची. तिचा चेहरा मी असा कधी पाहिलाच नाही. भांडण व्हायचं ना, तेव्हासुद्धा आपण नक्की कुणाशी भांडतोय ते कळायचं नाही.”

कोरी हसली.

“हसू नका. म्हणून तर तुमच्याशी बोलताना बरं वाटतं. तुम्ही आहात तशा आहात. काही फासणं नाही, काही शिंपडणं नाही. माणूस थेट दिसतं.”

तिने चहाचा घोट घेतला. त्या घोटाबरोबर एक वाक्यही पोटात गेलं. रविवारी या, असं ते वाक्य होतं. इतकं चांगलं तिच्याविषयी कुणी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं. आणि जे बोललं गेलं ते तिच्याविषयी होतं की कारखान्याच्या नियमाविषयी, हे त्या क्षणी सांगायला जीभ उचलेना. पुढे तो ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि ती चहा पीत राहिली.

मग त्याने तिला जेवायला बोलावलं. त्याच्या आईला तिला भेटायचं होतं. दिवस अर्थातच रविवारचा.

त्या सकाळी धाकटी बहीण आली तेव्हा ताईची एक पापणी झाली होती आणि दुसरी व्हायची होती.

“हे काय? तू तोंड रंगवून जाणार?”

“रविवार आहे.”

“अगं, रविवार तुझा. सासू त्याच्याकडची.”

“सासू कुठली? जेवायला बोलावलंय.”

“तेच ते. जेवायला म्हणून बोलावतात आणि घास घेताना बघतात. ताई, आजच्या दिवस साधी जा. एकदा लग्न झालं की मग काय भिंती रंगवायच्या त्या रंगव.”

“म्हणजे फसवू?”

“सगळेच फसवतात. मला स्वयंपाक येतो असं मी नव्हतं सांगितलं? तुझे मेहुणे अजून वाट बघतायत बिचारे.” बहीण पलंगावर बसली आणि फळीवरच्या बाटल्यांकडे बघत म्हणाली, “तुझी तर गंमतच आहे. लोक रंग लावून फसवतात. तू न लावता फसवलंस.”

ताईचा हात थांबला. दुसरी पापणी अर्धी राहिली. आरशात एक डोळा रविवारचा होता आणि एक सोमवारचा. तिने दोन्हींकडे पाहिलं. बहिणीचं खरं होतं, आणि ते खरं होतं म्हणूनच आज असं जायला हवं होतं. तिने श्वास रोखला आणि रेघ पुरी केली.

तो त्याच्या इमारतीच्या फाटकापाशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, ओले केस. ती समोरून येत असताना त्याची नजर तिच्यावरून पुढे गेली, रस्त्यावर, कुणाला तरी शोधत. मग परत आली. तो काही बोलण्याआधी त्याचा वास तिच्यापर्यंत पोचला.

“अहो, तुम्ही!” तो म्हणाला आणि मग काय बोलावं हे न सुचल्यासारखा गडबडून गेला. चेहऱ्याविषयी बोलायचं धैर्य नव्हतं म्हणून त्याने स्वतःची कॉलर पुढे केली. “बघा ना, कसं आहे? तुमच्यासाठी म्हणून नवीन सेंट घेतलं. म्हटलं, तुमचं नाक म्हणजे काय साधं नाक नाही. रोज ग्रीसचा वास मारत तुमच्यापुढे बसतो, आज तरी...”

माणसाची सवय माणसाच्या आधी धावते. कोरीने मान वळवून कोपराच्या खळग्यात नाक खुपसलं. तिथे तिचंच सेंट होतं, नाक काही पुसलं गेलं नाही. तरी ती पुढे झुकली आणि खोलीत बोलायची त्याच सपाट आवाजात बोलली.

“वरचा वास संत्र्याच्या सालीचा. मधे काही नाही. तळाला ओला पुठ्ठा. बाटली दुकानाच्या काचेत उन्हात राहिलीय.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. तो खोलीतल्या कुणासारखा उभा नव्हता. नव्या कपड्यांवरचा डाग कुणी दाखवून दिलेल्या मुलासारखा तो उभा होता.

“बरं,” तो म्हणाला. थोडा वेळ चपलांकडे बघून त्याने मान वर केली. “आणि तुमचं काय? हे काय लावलंय? मला वाटलं दुसरंच कुणी येतंय. तुम्ही तर असलं काही करत नाही.”

“दर रविवारी करते.”

“कधीपासून?”

“तुमची-माझी ओळख नव्हती तेव्हापासून. इतर दिवशी लावता येत नाही. नोकरीत मनाई आहे.”

“मग मी एवढं बोलत होतो तेव्हा सांगितलं का नाही?”

“तुम्ही फार चांगलं बोलत होतात.”

तो भिंतीला टेकला. बाजूने एक बाई पिशव्या घेऊन फाटकातून आत गेली, दोघांकडे बघत.

“मी म्हणाले ते चुकलं,” कोरी म्हणाली. “सेंटचं. कामाची सवय आहे, तोंडातून निघून गेलं. पण तुम्हाला त्याची गरज नव्हती. तुमचा तो रोजचा वास मला आवडतो. ग्रीसचा, लोखंडाचा.”

“काय सांगता? मी घरी जाऊन हात घासघासून लाल करतो.”

“ते मला माहीत नव्हतं.”

तो विचारात पडला आणि मग थोडा हसला. “म्हणजे तुम्हाला मी न लावलेला आवडतो. मला तुम्ही न लावलेल्या आवडता. मग अडलंय कुठे?”

“तुमचा वास तुमचा आहे,” ती म्हणाली. “माझं बिनवासाचं असणं कारखान्याचं आहे. तुम्ही ज्या चेहऱ्याला खरा म्हणता ना, तो मला नेमून दिलेला आहे. वाईट नाही तो. मीच आहे ती. पण हीसुद्धा मीच आहे, आणि ही मी स्वतः केलेली आहे.”

हसू त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, अडलेल्या यंत्राकडे बघावं तसं, कुठे काय आहे ते शोधत. पापण्या, ओठ, गळा. तिने चेहरा तसाच धरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या चेहऱ्याकडे कुणी तरी नेमकं बघत होतं.

“आवडला असं खोटं सांगू?” त्याने विचारलं.

“नको.”

“मला भीती वाटते हो. परत तेच होईल असं वाटतं.”

“तुमची पहिली बायको तुम्हाला आतला चेहरा बघू देत नव्हती. तुम्ही माझा आठवड्यातले सहा दिवस बघता.”

त्याने एकदा वर, घराच्या दिशेने पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “एक विचारू? रागावू नका. मी आईला सांगून बसलोय. साधी आहे, काही फासत नाही, असं. ती आठवडाभर शेजारणींना तेच ऐकवतेय. तिथे जिन्याखाली नळ आहे. आजच्या पुरतं तोंड धुतलं तर? पुढचं पुढे बघू.”

जिन्याखाली खरंच नळ होता. त्याच्याखाली एक बादली होती आणि नळ थेंबथेंब गळत होता. कोरीने तिकडे पाहिलं. काही अवघड नव्हतं. दोन ओंजळी पाणी, रुमाल, आणि ती वर जाऊन त्या घरात नीट बसली असती. या वयात एवढं चांगलं माणूस पुन्हा चालत येणार नव्हतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण मग पुढच्या रविवारीही कुठला तरी नळ निघाला असता. प्रत्येक वेळी आजच्या पुरताच.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही वर जा आणि आईंना सांगा की तुमचं सांगणं अर्धंच होतं. मी इथे थांबते. त्यांना आणि तुम्हाला चालणार असेल तर बोलवा. नसेल तर मी जाईन. उद्या कारखान्यात भेटलो तर चहाला नाही म्हणणार नाही, पण तेवढंच.”

“अशी अट?”

“अट नाही. रविवार एकच असतो मला.”

दोघं आत जिन्यापाशी आली आणि तो लिफ्टने वर गेला. तिने भिंतीवरच्या आकड्यांचे दिवे पेटत जाताना पाहिले आणि वर कुठे तरी थांबताना पाहिले. फाटकाबाहेर जाऊन उभं राहावं का, असं तिच्या मनात आलं, म्हणजे निघून जाणं सोपं पडेल. ती जागची हलली नाही. नळ गळत राहिला. कुणाच्या तरी घरात भांडं पडलं आणि गरगरत थांबलं. तिने उगाच पर्समधला आरसा काढला आणि न उघडता परत ठेवला.

लिफ्ट खाली आली. आत तो होता, एका हाताने दार अडवून.

“सांगितलं,” तो म्हणाला.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, मग तू इतके दिवस बघत काय होतास?” तो चपलांकडे बघू लागला आणि मुद्दाम नजर वर घेऊन आला. “मग म्हणाली, पानं घ्यायची की नाही ते सांग, अन्न निवतंय. मी म्हटलं, घे.”

“आणि तुमचं काय?”

“मला सवय होईल की नाही माहीत नाही. खरं सांगतो. पण नळाचं बोललो ते बोलायला नको होतं, एवढं वर जाईपर्यंत कळलं.”

कोरी आत गेली. लिफ्ट लहान होती, दोघं मावतील एवढीच. दार सरकलं आणि त्याचं सेंट आणि तिचं सेंट त्या कोंडलेल्या हवेत एकमेकांना धक्के देऊ लागले. तिने नाक कुठेही खुपसलं नाही.

“हे माझं तरी धुऊन येऊ का?” त्याने विचारलं. “फारच येतोय वास.”

“राहू द्या. स्वस्तातलं आहे, जेवण होईपर्यंत उडून जाईल.”

तिचं संध्याकाळपर्यंत टिकणार होतं. सकाळी बाटली निवडताना तिने तेच पाहिलं होतं.