गळ्याचं माप

माझ्या थोरल्या जावेला सगळी गल्ली मास्तर म्हणते. खरे मास्तर म्हणजे आमचे सासरे. कोट शिवावा तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे. ते गेल्यावर दुकान थोरलीकडे आलं आणि त्याबरोबर कात्री, कटिंगचं टेबल, त्यांची पिवळी पडलेली टेप आणि ही पदवीही आली. घरात मी तिला ताई म्हणते. त्याच दुकानात मी काजं करते, बटणं लावते आणि सवड मिळाली की तिच्याशी भांडते.

सुटलेला टाका ताईला बघवत नाही. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या कॉलरचा दोरा लोंबत होता. हिने पर्समधून कात्री काढली आणि कापला. त्या बिचाऱ्याने मागे वळून बघितलं, तर आपल्या मानेपाशी कात्री. त्याचं धाबं दणाणलं. ताईने वर त्यालाच सुनावलं, की हा दोरा कुणी ओढला असता तर अख्खी कॉलर हातात आली असती. काम डोळ्यांसमोर दिसत असताना उद्यावर टाकणं हे तिच्या रक्तातच नाही. अशा बाईला कुणी सांगावं, की काही करू नका, नुसतं थांबा.

झालं असं, की तिला अधूनमधून चक्कर यायची. वाकून वाकून मान धरली असेल म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. मग एकदा इस्त्री हातात असताना ती भिंतीला टेकली, तेव्हा मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. मानेतल्या रक्तवाहिन्या बघायला सोनोग्राफी केली. रक्तवाहिन्या ठणठणीत निघाल्या, चक्कर रक्त कमी असल्याची होती आणि त्याच्या गोळ्या मिळाल्या. पण बघता बघता थायरॉइडमध्ये एक बारीकशी गाठ दिसली. गेलो एका कामाला आणि घेऊन आलो भलतंच.

थायरॉइडच्या डॉक्टरीणबाई मध्यमवयीन होत्या, हळू बोलायच्या. त्यांच्या पांढऱ्या कोटाचा खिसा एका बाजूने उसवून लोंबत होता. मी मनात म्हटलं, आता ही तपासायचं सोडून सुईदोरा काढणार. ताईने त्या खिशाकडे पाहिलंच नाही. ती टेबलावरच्या काचेकडे बघत बसून राहिली, आणि मी माझी खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. गाठ शर्टाच्या बटणापेक्षाही लहान आहे, कडा गुळगुळीत आहेत, आत वाईट खुणा नाहीत, आजूबाजूला दुसरं काही सुजलेलं नाही. अशा गाठी कितीतरी लोकांच्या गळ्यात असतात आणि त्यांना जन्मभर पत्ताही लागत नाही. ताईने विचारलं, की मग आत्ताच सुई घालून बघून का टाकत नाही. बाई म्हणाल्या, सुईचं काही मोठं नाही, पण इतक्या लहान गाठीचा निकाल कधीकधी धड हो नाही आणि धड नाहीही नाही असा येतो. मग पुन्हा सुई. मग माणूस कंटाळतो आणि म्हणतो, काढूनच टाका. त्या ऑपरेशनमध्ये क्वचित आवाजाच्या शिरेला धक्का बसतो, काहींना पुढे रोजची गोळी लागते, आणि एवढं करून गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवीच निघते. वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी करू, गाठ वाढली किंवा तिचं रूप बदललं तर सुई घ्यायला मीच सांगेन, असं त्या म्हणाल्या. ठरवायचं मात्र ताईने होतं.

मोठे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, सुईच्या बाजूचे होते. एकदाचं करून टाक, डोक्याला ताप नको, हे त्यांचं पालुपद. मी थांबण्याच्या बाजूची. मी म्हटलं, तूच गिऱ्हाइकांना सांगतेस ना, की कारण नसताना शिवण उसवू नये, कापडाला भोकं राहतात. त्यावर तिने मला झाडलं, की गळा म्हणजे काही पँट नाही. पण दोन दिवस विचार करून ती थांबायला तयार झाली. शाळेच्या गणवेशांची गर्दी होती, हेही एक कारण असेल.

थांबायला तयार होणं आणि थांबणं यांत फार अंतर असतं. ताईच्या गळ्यात दिवसभर टेप असतेच. रोज सकाळी दुकान उघडलं की ती ट्रायलच्या आरशासमोर उभी राहायची आणि गिऱ्हाइकाच्या कॉलरचं माप घ्यावं तसं स्वतःच्या गळ्याचं माप घ्यायची. मी बघतेय हे कळलं की टेप झटकून बाजूला व्हायची. माप कालचंच भरलं की तिचा चेहरा सैल पडायचा आणि दिवस बरा जायचा. मीही काही बोलत नसे. एवढ्याने तिचं समाधान होत असेल तर होवो, असं मला वाटायचं.

अशातच सासऱ्यांच्या टेपचं पितळी टोक निखळून पडलं. आकडे तर केव्हाच पुसट झाले होते, ताई अंदाजानेच वाचायची. तिने हळहळत ती टेप गुंडाळून बटणांच्या डब्यात ठेवली आणि नवी, कडक, पांढरी टेप आणली. दुकानाचं काम तसंच चालू राहिलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांची मापं तिला तोंडपाठ, त्यामुळे पोस्टमन पँटचं कापड टाकून गेला तरी ती त्याला न थांबवता कापायला घ्यायची.

त्यानंतर ताई बदलली. आधी तिने गळ्याशी बटण असलेले कपडे घालणं सोडलं, मग ओढणी गुंडाळून यायला लागली. जेवण अर्धं राहायचं. आरशासमोर ती आता दिवसातून कितीदा जायची, याला हिशेबच राहिला नाही. विचारलं तर अंगावर यायची. गिऱ्हाइकांशीही तिचं बिनसायला लागलं. गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या बाईंचं नवं शिवलेलं जॅकेट काखेत काचत होतं, तर ताई त्यांना म्हणाली, की जॅकेट बरोबर आहे, तुम्ही सुटलात. पोस्टमनच्या पँटचा हूक लागेना. दिवसभर पायपीट करून काटकुळा झालेला तो माणूस, पण त्यालाही तिने तेच ऐकवलं. तो गरीब, चहात साखर नको म्हणायला लागला.

शेवटी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि तिच्यासमोर बसले. म्हटलं, आता बोलल्याशिवाय उठायचं नाही.

ताई म्हणाली, "वाढलीय गं. पाव इंच. रोज बघते, पाव इंच जास्तच येतं."

मी तिला जवळ घेतलं. तिने ठरवूनच टाकलं होतं. सुई नको, काही नको, थेट ऑपरेशन करून घ्यायचं. आवाज गेला तर गेला, दुकानात हातवाऱ्यांनी भागवू म्हणाली. भावजींनाही अजून सांगितलं नव्हतं. ते ऐकून मला तिचा राग आला आणि रडूही आलं, आणि दुसऱ्या दिवशीचा नंबर लावून मगच आम्ही घरी गेलो.

डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. टेपचं ऐकूनही त्या हसल्या नाहीत. एवढ्याशा गाठीने बाहेरून गळ्याचं माप बदलत नसतं, असं त्यांनी सांगितलं, पण समजूत काढत न बसता त्यांनी लगेच सोनोग्राफीला पाठवलं. पडद्यावर जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावून दाखवलं. गाठ होती तेवढीच होती, कडा तशाच गुळगुळीत. माझा जीव भांड्यात पडला. ताईचा नाही. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, की त्यांचं मशीन चुकत असेल, आपली टेप कशी चुकेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण रिक्षावाला ऐकत होता म्हणून गप्प बसले.

दुकानावर पोस्टमन आमची वाट बघत उभा होता. तीच पँट हातात. मी म्हटलं, आज नको, उद्या या. पण ताईने त्याला आत घेतलं आणि कंबरेला टेप लावली. तिच्या तोंडपाठ मापापेक्षा अर्धा इंच जास्त भरलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, बघा, सुटलात तुम्ही.

पोस्टमन म्हणाला, "मास्तर, मी पार्सलच्या काट्यावर उभा राहून आलोय. वजन उलट कमी भरलं. साखर सोडली, रात्रीचं जेवण सोडलं, आता अजून काय सोडू?"

ताई टेप हातात धरून तशीच उभी राहिली. पोस्टमन वाळला, तरी त्याची कंबर वाढली. गाण्याच्या बाईंची छाती वाढली. आपला गळा वाढला. आणि हे सगळं एकाच महिन्यात. ती एकदम वळली, बटणांचा डबा टेबलावर पालथा केला आणि त्या ढिगातून सासऱ्यांची टेप ओढून काढली. दोन्ही टेपांची टोकं जुळवून तिने त्या टेबलावर सरळ पसरल्या आणि जुनीची तळहाताने हळूच एकेक सुरकुती काढली. सुरुवातीचे आकडे एकमेकांशेजारी होते. पुढे पुढे जुनीचा प्रत्येक आकडा नवीच्या त्याच आकड्याच्या पुढे सरकत गेला. गळ्याच्या मापापाशी येईतो पाव इंचाचा फरक, कंबरेपाशी अर्ध्याचा.

एवढ्या वर्षांत टेप ताणून ताणून लांबली होती. अंगाचं माप त्याच टेपने आणि कापडाचंही त्याच टेपने, म्हणून कधी कुणाचं बिघडलं नाही. आता तोंडपाठ मापं जुन्या टेपची आणि कापड मात्र नव्या टेपने कापलेलं. कापडी टेप ताणली जाते, वरचेवर बदलावी, हे शिकाऊ मुलींना खडसावून सांगणारी हीच बाई. पण सासऱ्यांच्या टेपवर तिने कधी संशय घेतला नव्हता, आणि गळ्याच्या धास्तीत तर तिला काही सुचलंच नव्हतं.

पोस्टमनने चाचरत विचारलं, म्हणजे मी जाड झालेलो नाही का. ताई खाली स्टुलावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते थांबेचना. पोस्टमन घाबरला. मी त्याला सांगितलं, की काही नाही, मास्तरना बरं वाटतंय. मग मी समोरून तीन चहा मागवले आणि त्याच्या चहात दोन चमचे साखर घालायला सांगितली. त्या संध्याकाळी ताईने त्याची पँट स्वतः ढिली करून दिली आणि गाण्याच्या बाईंच्या घरी जाऊन जॅकेट मागून आणलं. सुटलात म्हटल्याबद्दल त्यांची माफीही मागितली. तिने माफी मागितलेली मी पहिल्यांदाच बघितली.

गळ्याचं माप घेणं त्या दिवसापासून बंद झालं. भीती एका दिवसात गेली असं मी म्हणणार नाही. कधी कधी काम करता करता तिचा हात गळ्याकडे जायचा, पण मी खाकरले की खाली यायचा.

वर्ष झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टरीणबाईंनी चित्रं शेजारी शेजारी लावली आणि सांगितलं, की गाठ आहे तशीच आहे. अजून थांबायला हरकत नाही, पुढची सोनोग्राफी आणखी उशिरा केली तरी चालेल. ताईने शांतपणे मान डोलावली. आम्ही उठलो. मी दारापर्यंत पोचले आणि मागे वळून बघते तर ताई तिथेच उभी, नजर डॉक्टरीणबाईंच्या कोटावर.

ती म्हणाली, "डॉक्टर, तुमचा हा खिसा मात्र आता थांबणार नाही. काढा कोट."

बाई हसून नको नको म्हणत होत्या, बाहेर पेशंट खोळंबले होते. ताईने पर्समधून सुईदोरा काढलाही होता. मी दारातच खुर्ची ओढून बसले. त्या खिशाचे टाके पडताना बघून मला इतकं बरं वाटलं, की तेवढ्यासाठी मी तासभर थांबले असते.