लॉनवरची पिवळी रेघ

माझं माहेर वसईच्या खाडीकाठचं. आमच्याकडे गवत दिसलं की उपटायचं, एवढंच काय ते गवताबद्दलचं ज्ञान. आणि माझी गाठ पडली ती अशा माणसाशी, ज्याने निवृत्त झाल्यावर गवताचे जावयासारखे लाड केले.

आमचे हे तेव्हा बोळिंजच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. दोन इमारतींच्या मधल्या तुकड्यावर त्यांनी लॉन लावून घेतलं. माझ्या भावाने खताला वाडीतली एरंडीची पेंड देऊ केली, तर वास येतो म्हणून नाक मुरडलं. यांना हवं होतं कवचाचं खत. साधा युरिया पाणी लागलं की विरघळतो. याच्या दाण्यावर पातळ कवच असतं आणि त्यातून नत्र महिनोन्‌महिने हळूहळू झिरपत राहतं. दाणा तेवढा पायाखाली फुटता कामा नये. फुटला की सगळं नत्र एकाच जागी सांडतं आणि गवत जळतं. लिफ्टमध्ये भेटेल त्याला हे प्रवचन ऐकावं लागे. मी तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा हे आधी खाली जाऊन गवताला पाणी घालून आले, मग मला गोळी दिली.

यथावकाश पाटी लागली, लॉनवर पाय ठेवू नये. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईची मुलगी तेव्हा नुकती चालायला शिकत होती. बाईने तिला गवतावर उभी केली होती. यांनी गॅलरीतून खेकसून तिला फरशीवर घ्यायला लावलं. दोन पावलांत पोरगी आपटली, ओठ फुटला. तिचं रक्त पुसत ती बाई वर बघत राहिली. हे आत येऊन जेवायला बसले.

पुढे यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणंही जड झालं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने मला स्पष्ट सांगितलं, मऊ जमिनीवर रोज चालवा, पडले तरी लागणार नाही. या पहिल्या महिन्यांत पाय जेवढा परत येईल तेवढाच तुमचा. आमच्या आवारात सगळीकडे फरशी आणि स्कूटर. मऊ जमीन एकच होती.

नवी सेक्रेटरी ती दुसऱ्या मजल्यावरचीच बाई. मी तिला विचारायच्या भानगडीत पडले नाही. उजाडायच्या सुमारास यांना घेऊन खाली जायची. नेमकं तेव्हाच खत टाकून झालं होतं, यांनीच मागवून ठेवलेलं पोतं. डावा पाय पडायचा, उजवा घासत यायचा, आणि बुटाखाली दाणे करकर वाजायचे. आवाज झाला की हे थांबायचे आणि खाली बघायचे.

"जळू दे," मी म्हणायची. "चला."

एक दिवस उजव्या बुटाचं टोक त्यांनी स्वतः उचललं. मला इतका आनंद झाला की मी पार्किंगमध्ये उभी राहून रडले.

थोड्याच दिवसांत लॉनवर पिवळी रेघ उमटली. एका बाजूला बुटाचे सुटे ठसे, दुसऱ्या बाजूला लांबलचक ओरखडा. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. चोर कोण ते लिहायची गरजच नव्हती, हसणारे चेहरे मात्र भरपूर आले.

संध्याकाळी सेक्रेटरीबाई वर आल्या, मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन. फार गोड बोलल्या. मी त्यांना सांगितलं, पाय येतोय, अजून थोडे महिने द्या, गवत काय पुन्हा उगवतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याऐवजी यांच्याकडे वळल्या.

"काका, पाटी तुमचीच आहे. तुम्हीच सांगा, नियम बरोबर आहे ना?"

बाईने माणूस अचूक ओळखला होता. वाकड्या तोंडातून शब्द यायला वेळ लागला.

"बरोबर आहे," हे म्हणाले.

त्यानंतर हे खाली आलेच नाहीत. मी हातापाया पडले, भांडले, एका दुपारी तर ताटच वाढलं नाही. रिक्षा करून कळंबच्या किनाऱ्यावर नेलं. तिथे वाळूत पाय रुतून पडले. कॉटेजमध्ये सुट्टीला आलेली मंडळी चहाचे कप घेऊन बघत उभी राहिली. पुन्हा तिथेही यायला तयार होईनात. व्यायामवाल्या मुलीचं येणं हळूहळू बंद झालं. उजवं पाऊल आत वळलं होतं, ते तसंच राहिलं.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी गॅलरीतल्या खुर्चीतून डाव्या हाताने मला खुणावलं. मला वाटलं, पाणी हवंय. त्यांनी बोट खाली दाखवलं. पिवळी रेघ कुठेच नव्हती. लॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं हिरवं होतं.

"भरलं," हे म्हणाले.

झटक्यानंतर इतका स्वच्छ शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. चेहऱ्याची चांगली बाजू हसत होती. मला त्यांचा भयंकर संताप आला.

मी त्यांच्यासकट खुर्ची आत ओढली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. ते मागे वळायचा प्रयत्न करत होते. मी कुकर लावायला गेले. खुर्ची अजून तिथेच असते.