शिवेचा देव आणि आमचे त्र्यंबकराव

श्री. त्र्यंबकराव हुल्याळकर यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठ्या मंडळींचे लेख असतील. मी एका वाडीतला प्राथमिक शिक्षक. पण ती वाडी आणि तिथली शाळा आज सोलापूर तालुक्यात आहे ती त्यांच्यामुळे, तेव्हा लिहिण्याचा हक्क मी काही सोडणार नाही.

त्यांची माझी पहिली गाठ पडली तीच मुळी संकटात. आमची हिरेवाडी तालुक्याच्या दक्षिण टोकाला. वाडीपुढे ओढा आणि ओढ्यापलीकडे संस्थानचा मुलूख. शिरगणतीच्या आधी संस्थानचा मोजणीदार आला, हद्दीच्या दगडावरून साखळी धरून गेला आणि अख्खी वाडी संस्थानात पडली. आमचे गणतीवाले म्हणाले, तुम्ही आता आमचे नाही. संस्थानचे म्हणाले, अजून कागद आलेला नाही. हाडामांसाची माणसे, पण कुणाच्याच खिजगणतीत नाहीत! तालुक्यात वाडी नाही म्हणजे शाळाही नाही. ती उठवण्याचा हुकूम निघायच्या बेतात होता, आणि पलीकडची शाळा इतकी लांब की पोरे दिवे लागायच्या आत घरी परतली नसती.

अशा वेळी त्र्यंबकराव आले. तेव्हा ते सर्कल इन्स्पेक्टर होते. आता आरडाओरडा होणार म्हणून मी धास्तावलो होतो. त्यांनी जोडे बाहेर काढले, पोरांत बसून कविता ऐकली आणि मग दगड कुठे आहे ते विचारले. मी वाडीच्या अलीकडचे, विहिरीजवळचे छोटे देऊळ दाखवले. आत शेंदराने माखलेला शिवेचा देव, म्हणजे तोच हद्दीचा दगड. ते बघून हसले आणि म्हणाले, सरकारने दगड रोवला असेल, पण देऊळ काही बांधले नसेल. हा कुठून तरी उठून आलेला आहे.

कुठून, ते मात्र वाडीत कुणी सांगेना. मी नवखा, मला ठाऊक नव्हते, आणि विचारले की सगळे आभाळाकडे बघत. सरकारी दगड हलवणे म्हणजे गुन्हा. दुसरा अधिकारी असता तर त्याने दमदाटी केली असती. त्र्यंबकरावांनी विहिरीवर हातपाय धुतले, देवाला नारळ फोडला आणि तिथे दिवाबत्ती करणाऱ्या म्हाताऱ्या नीलव्वांजवळ बसकण मारली. कानडीत ज्वारीच्या, गुडघ्यांच्या, लेकीच्या सासरच्या गप्पा झाल्या. शेवटी नीलव्वांनीच मराठीत विचारले, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

“जागा दावली तर देवाला परत उनात बसवनार न्हाय न्हवं, सायेब?”

“नाही, आज्जी. देव इथंच राहील. त्याची जुनी जागा तेवढी दाखवा. बाकीचं माझ्याकडे लागलं.”

नीलव्वा काठी टेकत निघाल्या. मागे सगळी वाडी. ओढ्याच्या काठी त्या थांबल्या, तिथे खणले आणि हद्दीची खूण म्हणून खाली पुरलेला कोळसा निघाला. मोजणीदारही सज्जन निघाला, त्याने कबूल केले. तिथे नवा दगड रोवला गेला, गणतीवाले आले, वाडी तालुक्यात राहिली आणि शाळाही. मी शाळेच्या ओट्यावर बसून चक्क रडलो. जीव भांड्यात पडल्यावर रडायला लाज कसली?

पुढे वरून विचारणा झाली, दगड हलवणाऱ्यांची नावे द्या. त्र्यंबकरावांनी कळवले की दगड लबाडीने नव्हे, भक्तीने हलला आहे. नावे दिली नाहीत. त्यापायी बोलणी खाल्ली, पण आम्हाला त्यांनी कधी ऐकवले नाही.

मामलेदार होऊन ते निवृत्त झाले, तरी भवानी पेठेतले त्यांचे घर आम्हा खेडुतांना मोकळेच आहे. कचेरीत खेटे घालून दमलेला माणूस तिथून जेवल्याशिवाय सुटत नाही. चहा गार मिळाला की मात्र त्यांचा पारा चढतो, हेही लिहून ठेवतो. गौरवग्रंथ झाला म्हणून काय झाले!

परवा ओढ्याकडे गेलो होतो. नव्या दगडाला शेंदूर लागला आहे, पुढे नारळाची शकले पडली आहेत. नीलव्वांना विचारले, तर म्हणाल्या, “ह्यो बी उनातच बसलाय की, मास्तर.”

त्र्यंबकरावांनी शंभरी गाठावी, त्यांचे गुडघे आणि कानडी शाबूत राहावी, अशी प्रार्थना मी दोन्ही दगडांपुढे केली आहे. हिरेवाडीला त्यांची गरज पुन्हा लागणार, अशी लक्षणे दिसत आहेत.